कच्चं काम पुसलं का?

मेमरी मॅनेजमेंट म्हटलं की आपल्या जमातीच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो मेमरी लीक. प्रोग्रॅमने जागा मागितली, वापरली, परत करायची राहिली. सर्व्हर रात्रभर फुगत गेला आणि पहाटे तीनला आडवा झाला. मग फोन, मग अर्ध्या झोपेत लॉगइन, मग रिस्टार्ट, आणि सकाळी साहेबांना मेल. हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आज ज्याबद्दल लिहायचंय तिथला प्रकार जरा वेगळा आहे. तिथे जागा वेळच्या वेळी, इमानदारीत परत केली तरी घोटाळा होऊ शकतो, कारण परत केलेल्या जागेत तुम्ही काय सोडून आलात यावर सगळं अवलंबून असतं.

विषय आहे क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीत मोठमोठ्या पूर्णांकांना मेमरीत कसं ठेवतात आणि कसं पुसतात. पळू नका. गणित लागेल ते पाचवीपर्यंतचं.

सुरुवात मात्र पेठपासून करतो. आमचं मूळ घर पेठ तालुक्यात. नाशिकहून सावळघाट, कोटंबी घाट करत गेलं की लागतं ते पेठ. पावसाळ्यात धो धो पाऊस, भात, नागली, वरई, आणि मोबाईलची रेंज तुम्ही टेकडीच्या कुठल्या अंगाला उभे आहात त्यावर. इथे जमीन आणि जमिनीचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी माणसं उभं आयुष्य घालवतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला तो आठवत असेल. ६ मार्चला निघाला, १२ तारखेला आझाद मैदानात होता, साधारण १८० किलोमीटर पायी. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी या भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. मागण्या बऱ्याच होत्या, पण सगळ्यात जिव्हाळ्याची होती ती कसत असलेली वनजमीन नावावर करण्याची. वनहक्क कायदा २००६ चा. बारा वर्षांनंतरही कागदासाठी चालावं लागत होतं. सोललेल्या तळपायांचे ते फोटो तुम्हीही पाहिले असतील.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ मे २०१८ ला, राज्य सरकारने डिजिटल सहीचा सातबारा सुरू केला. वेबसाइटवर जा, १५ रुपये भरा, पीडीएफ घ्या. आमच्या काकांना सोसायटीच्या कामासाठी उतारा हवा होता, मी तो काढून, प्रिंट मारून दिला. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"अरे, यावर सही कुठंय? शिक्का पण नाही."

"सही कागदावर नसते काका, फाइलमध्ये असते. ती एक संख्या आहे."

"म्हणजे सहीला नंबर दिलाय."

"नंबर दिलेला नाही. नंबर हीच सही."

"केवढा नंबर?"

"सहाशे सतरा आकडी."

काकांनी माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण प्रश्न एकदम चोख होता. ज्या कागदासाठी लोक मुंबईपर्यंत चालत गेले, त्या कागदाचा खरेपणा आता शाईऐवजी एका अगडबंब संख्येवर उभा आहे. (प्रिंटवर तर तीही नसते. कागदावर राहतो फक्त पडताळणी क्रमांक. सही असते ती मूळ फाइलमध्ये.) मग ती संख्या तयार होताना मशिनच्या पोटात काय काय चालतं, हे कोणीतरी बघायला हवं की नको?

भारतात अशा सह्यांसाठी सर्रास आरएसए-२०४८ वापरतात. थोडक्यात सांगतो. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, प्रत्येकी ३०९ आकड्यांच्या आसपास. त्यांचा गुणाकार जगाला सांगायचा, त्या दोघी मात्र गुप्त ठेवायच्या. गुणाकारावरून त्या दोघी शोधून काढणं आजच्या मशिनना जमत नाही. उताऱ्याचा जो सारांश निघतो तो एक संख्या मानायचा, तिचा एक मोठा गुप्त घात करायचा, सार्वजनिक गुणाकाराने भागून बाकी काढायची. ती बाकी म्हणजे सही. सही तपासणाऱ्याला गुप्त काही लागत नाही. त्याचा घातांक बहुतेक वेळा ६५५३७ असतो, म्हणजे १६ वर्ग आणि एक गुणाकार, खेळ खलास. सही करणाऱ्याला मात्र हजारो गुणाकार करावे लागतात.

आता तुमच्या प्रोसेसरला एका वेळी ६४ बिटांची संख्या हाताळता येते. २०४८ बिटांची आली की तो हात वर करतो. मग लायब्ररी तेच करते जे आपण शाळेत केलं: संख्या अंकांत तोडते आणि एकेक अंक घेऊन, हातचा धरत गुणाकार करते. फरक एवढाच की आपला एक अंक ० ते ९ मधला, तिचा एक अंक ० पासून वीस आकडी संख्येपर्यंत कितीही. असे ३२ अंक झाले की २०४८ बिट भरले. एकूण २५६ बाइट. एककाचा अंक आधी, मोठा अंक शेवटी, कारण हातचा एककाकडूनच निघतो. 'कॅरी' या शब्दाला मराठीत 'हातचा' म्हणतात हे मला कायम आवडत आलंय. पुढच्या घरात टाकेपर्यंत तो खरोखरच हातात असतो.

जाता जाता: मोठ्या पूर्णांकांच्या नादी लागलेला सगळ्यात नामांकित माणूस आमच्याच जिल्ह्यातला. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तरकी करणारे द. रा. कापरेकर. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक १९४९ चा. ज्याला कॉम्प्युटर कसा दिसतो हे ठाऊक नव्हतं अशा काळात कागद-पेन्सिलीवर पानंच्या पानं अंक. त्यांच्या वहीतलं कच्चं काम कोणाला सापडलं तर आनंदच होईल. आपली अडचण अशी की आपल्या गुणाकारातलं कच्चं काम कोणाला सापडलं तर सातबारा गेला.

परीक्षेत समासात कच्चं काम करायचो ते आठवा. उत्तर हाताने झाकून ठेवलं तरी मागच्या बाकावरचा समासातले आकडे वाचून उत्तर काढायचा. अख्ख्या लेखाचा मुद्दा हाच आहे, पण अजून जरा तपशिलात जाऊ, कारण गंमत तपशिलात आहे.

ओपनएसएसएल ही जगातली बहुधा सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रिप्टो लायब्ररी. तिचा पाया एरिक यंग यांच्या एसएसएलईए या लायब्ररीचा, १९९५ च्या आसपासचा. १९९८ च्या शेवटी तिची ओपनएसएसएल झाली. तिच्यातल्या मोठ्या संख्येला बिगनम म्हणतात. बिगनमच्या पोटात पाच गोष्टी: अंकांची रांग कुठे आहे त्याचा पत्ता, त्यातले किती अंक वापरात आहेत, जागा एकूण किती अंकांची घेतली आहे, चिन्ह उणे आहे का, आणि काही खुणा. नवा बिगनम करता तेव्हा अंकांना जागा मिळतच नाही. पहिला अंक ठेवायची वेळ आली की मिळते. संख्या वाढली आणि जागा पुरेना झाली की नवी, मोठी जागा घ्यायची, अंक तिकडे उतरवायचे, जुनी सोडून द्यायची. आपण घर बदलतो तसंच. आता तुम्हीच सांगा, घर सोडताना भिंतीवर लिहिलेले फोन नंबर कोण पुसतं?

ओपनएसएसएलच्या १.०.१ या आवृत्तीत नव्हतंच कोणी पुसत. जुनी जागा तशीच मोकळी सोडली जायची, अंकांसकट. नंतरच्या आवृत्त्यांत त्या सोडण्याच्या ओळीआधी पुसण्याची एक ओळ आली. एक ओळ! कोड वाचताना डोळ्याखालून सहज निसटेल अशी.

दुसरी जागा याहून मजेशीर आहे. सही करताना हजारो तात्पुरत्या संख्या लागतात. दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमकडे 'जागा द्या' म्हणत बसलं तर गुणाकारापेक्षा मागण्यातच वेळ जाईल. म्हणून लायब्ररीत एक सामायिक साठा असतो, त्याचं नाव बीएन-सीटीएक्स. आमच्याकडे गावकीची भांडी असतात ना, लग्नाकार्याला लागणारी मोठी पातेली, घमेली, पराती, तसा. कार्य सुरू होताना वहीत नोंद करायची, लागतील तशी भांडी न्यायची, कार्य संपलं की सगळी एकदम जमा. लायब्ररीत हेच 'स्टार्ट', 'गेट' आणि 'एंड'. साठा सोळा-सोळाच्या गठ्ठ्यांनी वाढतो. आणि नियम किती समंजस बघा: एकदा साठ्याने 'नाही' म्हटलं की त्या कार्यात पुढे प्रत्येक वेळी 'नाही'च म्हणतो, त्यामुळे तुम्ही दहा भांडी मागितली असतील तर फक्त शेवटचं मिळालं का एवढं बघितलं तरी चालतं. ज्याने हे लिहिलं त्याने कधीतरी लग्नात वाढपी म्हणून काम केलं असणार.

पण गावकीच्या भांड्यांचा जो जुना भांडणाचा विषय, तोच इथेही: घासून परत केलं का? 'गेट' म्हटल्यावर मिळणारा बिगनम शून्य असतो हे खरं. पण शून्य म्हणजे 'वापरात असलेले अंक: ०' एवढी नोंद. खालच्या जागेत मागच्या पाहुण्याचे अंक तसेच पडलेले. नोंदवहीत पातेलं रिकामं, तळाशी आमटी. पूर्ण साठाच मोडीत काढतात तेव्हा मात्र सगळं धुतलं जातं. तोपर्यंत तळाशी काय आहे हे कोणी बघत नाही.

यात वाईट काय, असं विचारणारे मला कामात भेटले आहेत. प्रोसेसच्या मेमरीत दुसरं कोण डोकावणार? बरोबर आहे. कोणी डोकावत नाही. जोपर्यंत डोकावत नाही तोपर्यंत.

७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड जाहीर झाला. ओपनएसएसएलच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत 'तू जिवंत आहेस का' असं विचारणाऱ्या निरोपाची लांबी तपासलीच जात नव्हती. तुम्ही एक अक्षर पाठवून 'चौसष्ट हजार अक्षरं परत दे' म्हटलं की सर्व्हर त्याच्या मेमरीतलं जे काही शेजारी पडलं असेल ते, ६४ किलोबाइटपर्यंत, देऊन टाकायचा. हवं तितक्या वेळा. लॉगमध्ये खूणही नाही.

त्यावेळी मोठा वाद झाला तो असा: यातून सर्व्हरची गुप्त किल्ली निघू शकते का? शहाणी माणसं म्हणत होती, अवघड आहे. किल्ली सर्व्हर सुरू होतानाच वाचली जाते, म्हणून ती मेमरीत खाली, आधीच्या पत्त्यांवर बसते. हार्टब्लीड वाचतो निरोपाच्या पुढचं. मागे वळून बघत नाही. क्लाउडफ्लेअर कंपनीने तर मुद्दाम एक कच्चा सर्व्हर उभा केला आणि ११ एप्रिलला जगाला आव्हान दिलं की काढून दाखवा किल्ली.

त्याच दिवशी निघाली. फेदोर इंदुत्नी याने साधारण २५ लाख विनंत्या पाठवून काढली, इल्क्का मात्तिला याने सुमारे एक लाखांत. नंतर आणखीही काही जणांनी.

कशी? शहाण्या माणसांचा तर्क मूळ किल्लीबद्दल होता, आणि तो तिथवर बरोबरच होता. कपाटातली मूळ प्रत कपाटातच होती. बाहेर सापडलं ते समासातलं कच्चं काम. गुणाकारासाठी घेतलेल्या तात्पुरत्या संख्यांत मूळ संख्येची नक्कल उतरली होती, ती जागा न पुसता सोडली गेली, नंतर ती जागा नव्या निरोपांच्या शेजारात आली. शोधायची पद्धत तर इतकी सोपी आहे की वाचून अंगावर काटा येतो. मिळालेल्या ६४ किलोबाइटवर १२८ बाइटची खिडकी सरकवत न्यायची. प्रत्येक ठिकाणी ते १२८ बाइट एक संख्या समजायचे, एककाचा अंक आधी, बिगनममध्ये असतो तसाच. तिने सार्वजनिक गुणाकाराला भागून बघायचं. बाकी शून्य आली, झालं काम. भागाकार! कापरेकर मास्तरांच्या वर्गातल्या पोरांना जमला असता.

यावरचा पुढचा अंक मला त्याहून शिकवणारा वाटतो. अकामाई ही जगभर वेबसाइटचा भार वाहणारी कंपनी. त्यांच्याकडे आधीपासून एक खास सोय होती: गुप्त संख्या साध्या जागेत न ठेवता वेगळ्या, कुंपण घातलेल्या मेमरीत ठेवायच्या. त्यांनी हा कोड त्याच एप्रिलमध्ये सगळ्यांसाठी खुला केला, आणि एका संशोधकाने तो वाचून लगेच दाखवून दिलं की कुंपण अर्धवट आहे. आरएसए किल्लीत गुप्त संख्या सहा असतात. मुख्य घातांक, दोन मूळ संख्या, आणि काम झटपट व्हावं म्हणून आधीच काढून ठेवलेल्या तीन. कुंपणाच्या आत पहिल्या तीन होत्या. उरलेल्या तीन बाहेर. कंपनीने ते उघड मान्य केलं आणि ग्राहकांच्या किल्ल्या बदलायला घेतल्या. ही पद्धत मला आवडली.

'झटपट व्हावं म्हणून काढलेल्या' संख्यांनी एवढं काय बिघडतं? बिघडतं. त्यातल्या दोन घातांकांपैकी एक जरी हाती लागला तरी त्याला ६५५३७ ने गुणून एक वजा करा. जे येईल ते 'मूळ संख्या वजा एक' हिच्या पटीत असतं, आणि ती पट ६५५३७ पेक्षा लहान असते. म्हणजे जास्तीत जास्त पासष्ट हजार पटी तपासल्या की मूळ संख्या हातात. लॅपटॉपला चहा होईपर्यंतचं काम. सोयीसाठी काढून ठेवलेली प्रत ही मूळ किल्लीच असते, तिला दुय्यम नाव दिलं म्हणून ती दुय्यम होत नाही.

बरं, मग पुसा की, त्यात काय अवघड. सोडण्याआधी शून्यं भरा. सी भाषेत त्यासाठी मेमसेट आहेच.

इथे कंपायलर आडवा येतो. तो म्हणतो, या जागेत तू शून्यं लिहितोयस, पुढच्याच ओळीत जागा सोडतोयस, आणि मधे कोणी वाचत नाहीये. मग लिहितोस कशाला? आणि ती ओळ काढून टाकतो. कोडमध्ये ओळ दिसते, रिव्ह्यूमध्ये दिसते, चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नसते. त्याचं काहीच चुकत नाही; भाषेच्या नियमांप्रमाणे वाचलं न जाणारं लिखाण म्हणजे कचरा. 'आता कोणी वाचणार नाही, पण उद्या चोर वाचेल' ही कल्पनाच त्या नियमांत बसत नाही. म्हणून ओपनएसएसएलला स्वतःचं क्लीन्झ नावाचं फंक्शन ठेवावं लागलं, ज्यात कंपायलरला मुद्दाम अंधारात ठेवण्याची युक्ती आहे: मेमसेटचा पत्ता अशा चलात ठेवायचा की तो कधीही बदलू शकतो असं कंपायलरला वाटावं, म्हणजे त्याला ओळ काढायची हिंमत होत नाही. लिनक्सच्या जीलिबसीमध्ये २०१७ साली २.२५ आवृत्तीत एक्स्प्लिसिट-बीझिरो आलं. सी भाषेच्या प्रमाणात तर खात्रीने पुसणारं फंक्शन सी-२३ मध्ये आलं. भाषा १९७२ च्या सुमाराची. पन्नास वर्षं लागली 'पूस म्हटलं की पूस' एवढं कंपायलरला बंधनकारक करायला.

तेव्हा ओपनएसएसएलमध्ये सोडण्याची दोन फंक्शन्स आहेत, बीएन-फ्री आणि बीएन-क्लिअर-फ्री. पहिलं नुसतं सोडतं, दुसरं पुसून सोडतं. माझ्या मते नावं उलटी हवी होती. साध्या नावाने पुसलं गेलं असतं, आणि न पुसता सोडायचं असेल त्याला लांबलचक नाव लिहायला लावलं असतं. माणूस घाईत आखूड नावच टाइप करतो हे आपल्याला चांगलं माहीत आहे. २५६ बाइट पुसायला जो वेळ लागतो तो सहीच्या हजारो गुणाकारांपुढे कुठे मोजायचा? 'परफॉर्मन्स'चं कारण इथे पुढे करणाऱ्यांनी आधी मोजून दाखवावं.

२०१६ मध्ये १.१.० आवृत्ती आली, तिच्यात गुप्त गोष्टींसाठी वेगळी राखीव मेमरी आली, आणि त्या मेमरीतला बिगनम मागण्याची सोयही. जीएनयूच्या लिबजीक्रिप्टमध्ये असं सुरक्षित जागेतलं फंक्शन आधीपासून होतं. तरीही एक पळवाट उरते. बिगनम आपल्या डोक्यावरची शून्यं काढून टाकतो, ००७ चा ७ करावा तसा. मग वापरातले अंक कमी, काम कमी, वेळ कमी, आणि वेळ मोजणाऱ्याला बाहेरून कळतं की गुप्त संख्या शून्याने सुरू होते. एका वेळी कणभर माहिती. पण २०२० साली जाहीर झालेला रॅकून नावाचा हल्ला टीएलएसमधल्या अशाच गळालेल्या शून्यांवर उभा होता. म्हणजे संख्या कोणती हे लपवून भागत नाही, तिने किती जागा घेतली तेही लपवावं लागतं.

आता जावावाले हसत असतील की आम्हाला हे पॉइंटर वगैरे नाहीत बुवा. मित्रांनो, तुमची अवस्था जास्त वाईट आहे. जावाचा बिगइंटिजर एकदा तयार झाला की बदलता येत नाही. बदलता येत नाही म्हणजे पुसताही येत नाही. प्रत्येक बेरीज-गुणाकाराला नवी प्रत. कचरा उचलणारा येईल तेव्हा येईल, आणि तोही येता-जाता वस्तू इकडून तिकडे हलवतो, म्हणजे आणखी प्रती. पासवर्ड स्ट्रिंगमध्ये न ठेवता कॅरेक्टरच्या अ‍ॅरेमध्ये ठेवा, असं जावाचीच कागदपत्रं सांगतात, त्यामागे हेच कारण. पायथनचे पूर्णांक त्याच जातीचे. आपल्याकडच्या किती बँकांची, किती सरकारी कामांची सॉफ्टवेअर जावात आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून गुप्त संख्या मुळात या मेमरीत येऊच देऊ नये, हा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात चांगला उपाय. तलाठ्याच्या (सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठीच) सहीची किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते. सारांश आत जातो, सही बाहेर येते, घात आतल्या चिपमध्येच होतो. कॉम्प्युटरच्या मेमरीत किल्ली येत नाही. रेशन दुकानात अंगठा लावता तेव्हाही मशिनमध्ये आधारची सार्वजनिक किल्लीच असते, २०४८ बिटांची. त्या मोठ्या संख्येत गुप्त काही नाही. गुप्त असते ती त्या व्यवहारापुरती तयार केलेली, अंगठ्याचा तपशील कुलूपबंद करणारी छोटी किल्ली, ३२ बाइटची. ती मात्र दुकानातल्या मशिनमध्येच जन्मते आणि तिथेच पुसली जायला हवी. घाटाच्या पायथ्याशी, रेंज येईपर्यंत अंगठा पुन्हा पुन्हा लावणाऱ्या म्हातारीला हे सांगून काय उपयोग? तिच्या वतीने ते पुसणारा कोणीतरी इंजिनीअर असतो, कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी.

सगळ्याच किल्ल्या चिपमध्ये ठेवणं परवडत नाही. ज्या लाखो सर्व्हरवरून आपण पीडीएफ उतरवतो, त्यातल्या बहुतेकांची किल्ली साध्या मेमरीतच राहते.

अलीकडे लोकांनी वेगळा रस्ता धरलाय. कितीही वाढणारी, सगळ्या कामांना चालणारी मोठी संख्या क्रिप्टोमध्ये वापरायचीच नाही. गो भाषेने १.२० आवृत्तीत, २०२३ मध्ये, आरएसएचा पाया बदलला: संख्येची लांबी सार्वजनिक गुणाकाराइतकी ठरलेली, शून्यं गळत नाहीत, वेळ ठरलेला. लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतीत तर २५६ बिट पुरतात, म्हणजे चार-पाच अंक. ते फंक्शनच्या स्टॅकवरच बसतात, जागा मागायची भानगडच नाही. (पुसायची आहे!) आणि क्वांटम कॉम्प्युटरच्या भीतीने ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने जी नवी प्रमाणं जाहीर केली, त्यातल्या एमएल-केममध्ये सगळं गणित ३३२९ च्या आतल्या छोट्या संख्यांचं. किल्ली मोठी, मधल्या आकाराची सार्वजनिक किल्लीच ११८४ बाइट, पण आतला एकेक आकडा चिमुकला. बिगनमची गरजच नाही.

म्हणजे हा सगळा हातच्यांचा आणि पातेल्यांचा कारभार हळूहळू निवृत्तीला लागलाय. पण हळूहळूच. २०१८ पासून आरएसएने सह्या झालेले उतारे ज्यांनी उतरवून ठेवलेत, त्यांची पडताळणी जमिनीच्या वादांत पुढची कित्येक वर्षं होत राहील, आणि त्यासाठी बत्तीस अंकांची संख्या बत्तीस अंकांच्या संख्येने गुणणारा कोड कुठेतरी ठेवावाच लागेल. पडताळणीत गुप्त काही नसल्यामुळे तिथे साधं बीएन-फ्री चालेल. मी तरी तिथेही क्लिअर-फ्रीच लिहितो. सहा अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, एवढंच.